रोजनाम्यात नाही, ते अपिलात नाही

अमरावतीत फौजदारी वकिली करता करता केस पिकले, तरी अकोल्याच्या एका खटल्यातल्या आईचे शब्द विसरलो नाही. "साहेब, माहा पोरगा पंपावर दिसते ना? मंग कोर्ट कावून नाही पाहत?" घटनेच्या वेळी तो मूर्तिजापूरच्या पेट्रोल पंपावर होता, तसं सीसीटीव्ही चित्रणही होतं. इलेक्ट्रॉनिक पुराव्याला लागणारं प्रमाणपत्र नव्हतं, म्हणून ते पुराव्यात घेतलं गेलं नाही. त्याला शिक्षा झाली. त्यातून शिकलो ते हे.

१. तोंडी मागणी हवेत विरते. मी प्रमाणपत्रासाठी मुदत तोंडी मागितली, नकार आला आणि खाली बसलो. नागपूर खंडपीठात पहिलाच प्रश्न आला, "अर्ज कुठे आहे?" पुरावा नाकारला जात असेल तर लेखी अर्ज द्या, त्यावर आदेश घ्या, रोजनामा तपासा.

२. प्रमाणपत्राच्या मागे पहिल्या दिवसापासून लागा. जालन्याच्या खोतकर-गोरंट्याल निवडणूक वादात सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली ते सक्तीचं ठरवलं. मूळ उपकरणच हजर केलं तर गोष्ट वेगळी. मात्र उपकरण ज्याच्या ताब्यात आहे तो प्रमाणपत्र देत नसेल तर न्यायालयामार्फत मागवता येतं, हेही त्याच निकालात आहे.

३. नुसती चूक दाखवून भागत नाही. साक्ष अधिनियमाचं कलम १६९ (जुनं १६७) सांगतं, की पुरावा चुकीने नाकारला एवढ्यावरून निकाल उलटत नाही. तो घेतला असता तर निकाल बदलायला हवा होता, हे पटवावं लागतं. त्या एका कागदाने सरकार पक्षाची कोणती कडी तुटते, ते अपिलाच्या मुद्द्यांत स्पष्ट लिहा.

४. अपिलातही जादा पुरावा घेता येतो. नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४३२ (जुनं ३९१) त्यासाठीच आहे. पण "तेव्हा का नाही दिला?" याचं उत्तर खालच्या कोर्टाच्या कागदांत सापडलं पाहिजे.

५. पोलिसांकडचे कागद मागा. नाशिकच्या २००३ च्या एका हत्याकांडात साक्षीदाराने फोटोंवरून वेगळ्याच चौघांना ओळखलं होतं. ते न्यायालयापुढे आलंच नाही, आणि सहा जणांना फाशी सुनावली गेली. ५ मार्च २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सर्वांना निर्दोष सोडलं, प्रत्येकी ५ लाख भरपाई द्यायला सांगितलं.

६. मुदत सांभाळा. सत्र न्यायालयाच्या शिक्षेविरुद्ध उच्च न्यायालयात ६० दिवसांत अपील. फाशी असेल तर ३०. निकालाची नक्कल आरोपीला मोफत मिळते, तुरुंगातूनही अपील पाठवता येतं, वकील विधी सेवा प्राधिकरण देतं.

टिळकांच्या शिक्षेविरुद्ध दाद मागायला आमच्या अमरावतीचे दादासाहेब खापर्डे १९०८ साली विलायतेपर्यंत गेले. माझ्यापासून टायपिस्ट दहा पावलांवर बसला होता.

ते चित्रण अखेर अपिलात पाहिलं गेलं, मुलगा सुटला. मधली चार वर्षं त्याने आत काढली. ती माझ्या न लिहिलेल्या एका अर्जाची किंमत आहे.