घटक ४ : पॉप संगीताच्या चित्रफितींतील स्त्रीप्रतिमा आणि चोरटी नजर

४.० उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपणांस –
• ‘दर्शनलोलुपता’ आणि ‘पुरुषी नजर’ या संकल्पना स्पष्ट करता येतील.
• संगीत-चित्रफितीत कॅमेरा स्त्रीदेहाकडे कसा पाहतो, याचे विश्लेषण करता येईल.
• ‘अश्लीलता’ आणि ‘वस्तूकरण’ यांतील फरक सांगता येईल.

४.१ प्रस्तावना

विद्यार्थी मित्र-मैत्रिणींनो, मागील घटकात आपण जाहिरातींतील स्त्रीप्रतिमांचा विचार केला. संगीत-चित्रफीत हीदेखील मुळात जाहिरातच होय. तिने गाण्याची ध्वनिमुद्रिका खपवायची असते. १ ऑगस्ट १९८१ रोजी अमेरिकेत ‘एमटीव्ही’ ही वाहिनी सुरू झाली आणि गाणे ऐकण्याबरोबरच ‘पाहण्याची’ गोष्ट झाले. १९९० च्या दशकात उपग्रह वाहिन्यांबरोबर हा प्रकार आपल्या घरांतही आला. आज तो प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये आहे. तीन-चार मिनिटांची ही चित्रफीत आपण सहज पाहतो आणि विसरतो. परंतु ती पाहताना आपण कोणाच्या डोळ्यांनी पाहत असतो, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो. प्रस्तुत घटकात तोच प्रश्न विचारावयाचा आहे.

४.२ विषय-विवेचन

४.२.१ दर्शनलोलुपता आणि पुरुषी नजर

स्वतः आडोशाला राहून, दुसऱ्याच्या नकळत त्याला पाहण्यात सुख मानण्याच्या वृत्तीस दर्शनलोलुपता म्हणतात. पाहण्यातून मिळणाऱ्या सुखाची चर्चा फ्रॉइडने मानसशास्त्राच्या अंगाने केली होती. ब्रिटिश अभ्यासक लॉरा मल्व्ही यांनी १९७५ मध्ये ‘स्क्रीन’ या नियतकालिकातील लेखात ती चित्रपटाला लावली. त्यांच्या मते चित्रपटात तीन नजरा असतात : कॅमेऱ्याची, प्रेक्षकाची आणि पात्रांची परस्परांकडे पाहण्याची. हॉलीवूडच्या रूढ चित्रपटात या तिन्ही नजरा पुरुषाच्या बाजूने उभ्या राहतात. पुरुष पाहतो आणि कृती करतो. स्त्री पाहिली जाते. अंधारात बसलेल्या प्रेक्षकाला आपण कुणाच्या खासगी जगात डोकावत आहोत, असा भास होतो.

मल्व्ही असेही दाखवतात की, स्त्री पडद्यावर ‘दृश्य’ म्हणून अवतरते तेव्हा कथा क्षणभर थांबते. संगीत-चित्रफितीत तर बहुधा थांबवण्याजोगी कथाच नसते. म्हणूनच चित्रपटात जे अधूनमधून घडते, ते येथे सलग घडू शकते.

कलासमीक्षक जॉन बर्जर यांनी १९७२ मध्ये ‘वेज ऑफ सीइंग’ या दूरचित्रवाणी मालिकेत व त्याच नावाच्या पुस्तकात याला आणखी एक बाजू जोडली. सतत पाहिली जाणारी स्त्री हळूहळू स्वतःकडेही पाहणाऱ्याच्याच नजरेने पाहू लागते, असे त्यांचे प्रतिपादन आहे. म्हणजेच ही नजर पडद्यावर थांबत नाही. ती आरशापर्यंत येते.

४.२.२ तीन चित्रफिती : एक वाचन

(अ) ‘अ‍ॅडिक्टेड टू लव्ह’ (१९८६) : रॉबर्ट पामर यांच्या या गाण्याची चित्रफीत फॅशन-छायाचित्रकार टेरेन्स डोनोव्हन यांनी दिग्दर्शित केली. सूट घातलेला गायक पुढे गातो. मागे काळ्या पोशाखातील, एकसारखी रंगभूषा केलेल्या तरुणी वाद्ये वाजवण्याचा आव आणतात. त्या वादक नाहीत, मॉडेल आहेत. येथे कोणी चोरून पाहत नाही. तरीही स्त्रियांची व्यक्तिमत्त्वे पुसून त्यांची एक मालिका केली आहे. १९९९ मध्ये शनाया ट्वेन यांनी आपल्या चित्रफितीत हीच मांडणी उलटवली : गायिका पुढे आणि मागे एकसारखे दिसणारे पुरुष. मांडणी उलटताच हसू येते. मूळ मांडणी पाहताना ते का आले नव्हते, याचा विचार करावा.

(आ) ‘ओपन युवर हार्ट’ (१९८६) : मॅडोनाच्या या चित्रफितीचे दिग्दर्शक झाँ-बाप्टिस्ट माँडिनो. येथे दर्शनलोलुपता हाच विषय आहे. पैसे मोजून काचेच्या खिडकीतून नर्तिकेला पाहण्याचे हे ठिकाण आहे. मॅडोना खुर्चीच्या साहाय्याने नाचते आणि कॅमेरा तिच्याबरोबरच खिडक्यांमागील पुरुषही दाखवतो. चोरून पाहणाऱ्याचे बळ त्याच्या अदृश्य असण्यात असते; तोच दिसू लागला की ते बळ ओसरते. शेवटी ती पुरुषी सूट घालून, प्रवेश नाकारला गेलेल्या एका लहान मुलाबरोबर नाचत तेथून निघून जाते. मात्र दुसरी बाजूही लक्षात घ्यावी. खिडकीमागील पुरुषांना उघडे पाडणारी ही चित्रफीत आपल्याला तोच नाच अधिक जवळून दाखवते. ती टीका आहे की टीकेच्या आवरणातील तेच सुख, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत.

(इ) ‘ब्लर्ड लाइन्स’ (२०१३) : रॉबिन थिक यांच्या या गाण्याच्या एका आवृत्तीत पूर्ण पोशाखातील पुरुषांभोवती जवळजवळ विवस्त्र तरुणी वावरतात. ती आवृत्ती यूट्यूबवरून काही काळ हटवण्यात आली होती. दिग्दर्शक होत्या डायेन मार्टेल, म्हणजे एक स्त्री. यावरून एक महत्त्वाचा मुद्दा स्पष्ट होतो : ‘पुरुषी नजर’ म्हणजे अमुक एका पुरुषाचे डोळे नव्हेत, ती पाहण्याची रूढ झालेली रीत आहे. ती स्त्रीही आत्मसात करू शकते आणि पुरुषही नाकारू शकतो.

आपली प्रगती तपासा – १
१) मल्व्ही यांनी सांगितलेल्या तीन नजरा कोणत्या?
२) ‘ओपन युवर हार्ट’मध्ये पाहणाऱ्याचे बळ कशामुळे ओसरते?

४.२.३ समोरासमोरचे पाहणे

येथे लावणीची आठवण होणे स्वाभाविक आहे. संगीत बारीत नर्तिका प्रेक्षकाच्या समोर बसून अदा करते. ती त्याच्याकडे रोखून पाहते, त्याला उद्देशून बोलते, प्रसंगी त्याची फिरकीही घेते. तेथील प्रेक्षक आडोशाला नसतो. म्हणून त्या व्यवहारात शोषण नव्हते, असे मुळीच नाही. दौलतजादा करणारा आणि नाचणारी यांच्यातील विषमता उघड आहे. परंतु तेथे नजरेला नजर मिळते. चित्रफितीत मात्र कॅमेऱ्यात पाहणारी स्त्री आपल्याला उत्तर देऊ शकत नाही. आपण तिला हवे तेथे थांबवू शकतो, पुन्हा पाहू शकतो.

आपल्या पॉप संगीतातही नजर उलटवण्याचे प्रयत्न झाले. अलिशा चिनॉय यांच्या ‘मेड इन इंडिया’ (१९९५) या चित्रफितीत नायिका राजकन्येच्या थाटात विवाहेच्छू पुरुषांना निरखते; निवड करणारी ती आहे.

४.२.४ अश्लीलता की वस्तूकरण?

२००२ मध्ये ‘काँटा लगा’ या जुन्या गीताच्या रिमिक्स चित्रफितीवरून आपल्याकडे वाद झाला. अशा वादांत चर्चा बहुधा नर्तिकेच्या कपड्यांपाशी अडकते. हा अश्लीलतेचा प्रश्न झाला. तो विचारला की दोष सहजपणे त्या स्त्रीवरच येतो आणि उपाय म्हणून ‘तिने अंग झाकावे’ एवढेच सुचते.

वस्तूकरणाचा प्रश्न निराळा आहे. त्यात आपण कॅमेऱ्याला जाब विचारतो. चेहरा न दाखवता केवळ अवयव दाखवले आहेत का? ती काही करते की केवळ असते? ती गेली आणि दुसरी आली, तर फरक पडेल का? अंगभर वस्त्रे ल्यालेल्या स्त्रीचेही वस्तूकरण होऊ शकते, हे ‘अ‍ॅडिक्टेड टू लव्ह’ दाखवते.

कायद्यातही हे प्रश्न वेगवेगळे हाताळले आहेत. स्त्रियांच्या असभ्य चित्रणाला प्रतिबंध करणारा कायदा १९८६ चा आहे. स्त्रीला खासगी कृती करताना पाहणे किंवा तिचे चित्रण करणे हा गुन्हा २०१३ मध्ये भारतीय दंड संहितेत कलम ३५४-ग म्हणून समाविष्ट झाला. आता तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ मध्ये आहे. त्याच्या गाभ्याशी स्त्रीची संमती आणि तिचा एकांत आहे. चित्रफितीतील कलावंत संमतीने काम करते, म्हणून ती दर्शनलोलुपता या कायद्याच्या कक्षेत येत नाही. तथापि, चोरून पाहण्याचे सुख नेहमीचे व निरुपद्रवी वाटू लागले, तर ज्या स्त्रीने संमती दिलेलीच नाही तिच्याकडेही त्याच नजरेने पाहिले जाण्याचा धोका उरतो. या विषयाचे गांभीर्य येथे आहे.

४.३ सारांश

संगीत-चित्रफीत आपल्याला केवळ काय पाहावे हे नव्हे, तर कसे पाहावे हेही शिकवते. ही रीत शिकलेली असल्यामुळे ती बदलताही येते. त्यासाठी चित्रफिती पाहणे सोडण्याची गरज नाही. आपण पाहत आहोत याचे भान हवे.

४.४ पारिभाषिक शब्द

दर्शनलोलुपता : आडून पाहण्यातून सुख घेण्याची वृत्ती.
वस्तूकरण : व्यक्तीला केवळ उपभोग्य वस्तू म्हणून दाखवणे.

४.५ प्रश्नांची उत्तरे

१) कॅमेऱ्याची, प्रेक्षकाची, पात्रांची परस्परांकडे पाहण्याची.
२) खिडकीमागील पुरुष स्वतः दिसू लागतात म्हणून.

४.६ स्वाध्याय

१) अश्लीलता आणि वस्तूकरण यांतील फरक सोदाहरण स्पष्ट करा.
२) आपल्या आवडीची एक चित्रफीत प्रथम आवाज बंद करून पाहा. कोण पाहते व कोण पाहिले जाते, याची नोंद करून दोनशे शब्दांत विश्लेषण लिहा.