सागरी रस्त्यावरील खानपान आणि रातांब्याचे पीक

मे महिन्याच्या अखेरीस पुणे शहरातून निघून ताम्हिणी घाटाने माणगावास उतरावे आणि मंडणगड, दापोलीवरून समुद्रकाठचा रस्ता धरावा, म्हणजे वेंगुर्ल्यापर्यंत थांबण्याच्या बहुतेक प्रत्येक ठिकाणी कोकमाचे सरबत किंवा सोलकढी पुढे येते. प्रस्तुत लेखकाने गेल्या मे महिन्यात हा प्रवास सहकुटुंब केला. दाभोळ व जयगड या दोन्ही खाड्या फेरीबोटीने ओलांडल्या. घावन व नारळाचा रस, ओल्या काजूगरांची उसळ, कोवळ्या फणसाची भाजी, तिरफळ घातलेले बांगड्याचे तिखले, मालवणचे खाजे, असे पुष्कळ पदार्थ चाखावयास मिळाले. त्यांची रुची वर्णन करणे हा या लेखाचा हेतू नाही. बागायतदाराच्या दृष्टीने विचार करण्याजोगी गोष्ट एकच दिसली, व ती अशी की, रस्त्याच्या कडेला ज्या पेयाची सर्वांत अधिक विक्री होते, त्याचेच फळ त्याच दिवसांत बांधावर कुजत पडलेले असते.

एका थांब्यावर सरबत मागविले. रंग गडद लाल व गोडी भरपूर, परंतु कोकमाचा वास नाही, आंबटपणाही जिभेवर टिकला नाही. त्या जागेपासून हाकेच्या अंतरावर रातांब्याची दोन मोठी झाडे होती. पावसाची एक सर होऊन गेली होती व झाडांखाली फळांचा चिखल झाला होता. दुकानदाराचे म्हणणे असे की, माल बाहेरून तयार येतो. गावात आगळ वेळेवर व सारख्या दर्जाचे मिळत नाही. या म्हणण्यात तथ्य नाही असे म्हणता येणार नाही.

वाटेत घेतलेल्या तीन बाटल्यांची पुण्यास परतल्यावर घरीच परीक्षा केली. ती कोणासही करता येईल. पेलाभर सरबतात खाण्याचा सोडा चिमूट-चिमूट टाकीत जावे. रातांब्याचा नैसर्गिक रंग आंबट द्रवात लाल असतो व आंबटपणा मरताच जांभळट, निळसर किंवा मळकट होतो. कृत्रिम रंग सहसा होता तसाच लाल राहतो. तीनपैकी एक बाटली शेवटपर्यंत लालभडक राहिली. बीट मिसळलेली सोलकढीही अशीच ओळखता येते. मात्र या परीक्षेने रंग कशाचा आहे एवढेच कळते. कोकम किती आहे हे कळत नाही. शिवाय खरे सरबत जुने झाले म्हणजे तपकिरी पडते, तेव्हा तेवढ्यावरून त्यास भेसळीचे म्हणू नये.

आता फळ वाया का जाते ते पाहू. रातांबे मार्चपासून पिकू लागतात, पण पुष्कळ झाडांचा मुख्य बहर मेच्या अखेरीस येतो. आमसुलासाठी साल फळाच्याच रसात भिजवून उन्हात वाळवावी लागते व ही क्रिया चार-पाच वेळा करावी लागते. ऊन गेले की आमसूल थांबले. म्हणून पहिल्या तोड्याचे आमसूल करावे व शेवटच्या तोड्याचे आगळ करावे, कारण आगळात उन्हाचे काम मीठ करते. पूर्ण पिकलेली फळे धुऊन, पुसून व कापून साल आणि गर यांस वजनाच्या पाचव्या-सहाव्या हिश्शाइतके मीठ लावावे, आठ-दहा दिवस रोज ढवळावे व नंतर रस गाळून घ्यावा. गोड सरबतासाठी, म्हणजे अमृत कोकमासाठी, एक किलो सालीस दोन किलो साखर थरांनी घालतात. आठवडाभरात साखर विरघळून पाक तयार होतो. दोन्हींसाठी चिनी मातीची, काचेची किंवा स्टेनलेस स्टीलची भांडीच वापरावीत. तांब्या-पितळेस हा रस खातो. जमिनीवर पडून फुटलेले फळ आगळात घालू नये. एवढ्याच एका फळाने बरणी फसल्याची उदाहरणे आहेत. बिया फेकू नयेत. धुऊन वाळविल्यास त्यांपासून कोकम तेल निघते, जे थंडीत घट्ट राहते व भेगांस लावतात.

सोलकढी विकणाऱ्याने नारळाच्या दुधात आगळ घातल्यावर ती तापवू नये, फुटते. ती त्याच दिवशी संपवावी.

नवी लागवड करणाऱ्यांनी रोपांऐवजी कलमे लावावीत हे अधिक महत्त्वाचे. बियांपासून वाढविलेल्या झाडांत सुमारे निम्मी नर निघतात, आणि हे सहा-सात वर्षांनी फुलावर आल्यावरच उमगते. मादी झाडांची कलमे लावून दहांमागे एक नर ठेवल्यास पुरे. दापोलीच्या कृषी विद्यापीठाची ‘कोकण अमृता’ ही जात पावसापूर्वी तयार होते, म्हणून वरील नुकसान टाळण्यास ती विशेष उपयुक्त आहे. कलम घेताना त्याची काडी सरळ वाढणाऱ्या शेंड्याची आहे ना, याची खात्री करून घ्यावी. आडव्या फांदीच्या काडीचे झाड उंच न होता जमिनीलगत पसरते.

ग्रामस्तरावरील कार्यकर्त्यांनी आपल्या गावातील रातांब्याची मादी झाडे व प्रत्येकाच्या पक्वतेचा आठवडा यांची यादी येत्या हंगामात करावी. कोणत्या घरी पंचवीस बरण्या आगळ निघू शकेल हे त्या यादीवरून कळेल, आणि रस्त्यावरील दुकानदारास फेब्रुवारीतच नमुना दाखवून मालाचा करार करता येईल. विक्रीसाठी अन्न सुरक्षा नोंदणी आवश्यक आहे; बाटलीवर तयार केल्याची तारीख व घटक लिहावे लागतात. वेंगुर्ल्याजवळ एका घरी महिला बचत गटाने भरलेली अशी बाटली मिळाली. तिच्या चिठ्ठीवर हाताने तारीख लिहिलेली होती, आणि पुण्यास सोडा टाकताच तिचे सरबत क्षणात जांभळट झाले.