मिस मारणाऱ्या बुलेटबद्दल

चि. बाळूस,


फोनवर नीट बोलणं झालं नाही, म्हणून लिहितो. आबांची बुलेट तू दीड वर्ष खपून उभी केलीस याचा मला फार अभिमान वाटतो. आता ती पंधरा-वीस मिनिटं पळाली की मिस मारते, आणि तू चार वेळा कार्बोरेटर उघडून बसलास. तो आता बंद करून ठेव.

आधी गाडीचं ऐक. पेट्रोल कमी पडलं तर ती हळूहळू दम सोडते. ठिणगी गेली तर एकदम आचका देते आणि सायलेन्सरमधून फटाका वाजतो. मिस मारायला लागताच टाकीचं झाकण उघडून बघ. लगेच सुधारली, तर झाकणातलं हवेचं भोक नव्या क्रोमने बुजलंय.

तुझ्या सांगण्यात फटाके आहेत, म्हणून माझा संशय कंडेन्सरवर आहे. रात्री अंगणात गाडी तापव आणि पॉइंटचं झाकण काढून बघ. बारीक ठिणगी दिसणारच. पण ती ठसठशीत, निळी-पांढरी नाचत असेल तर कंडेन्सर गेला. ‘नवाच टाकलाय’ म्हणू नकोस. खंबाटकी घाटात भर उन्हात मी दोनदा जेट फुंकला होता, आणि दोष निघाला आठवड्यापूर्वीच बसवलेल्या नव्या कंडेन्सरचा.

मग पॉइंटचा गॅप. कॅमने पॉइंट पूर्ण उघडलेले असताना फीलर गेजने ०.३५ ते ०.४० मिमी. नव्या पॉइंटवर तेलाचा पातळ थर असतो, तो पेट्रोलच्या फडक्याने पूस. त्यानंतर चावी फिरवून किक हाताने सावकाश दाब आणि अ‍ॅमीटरकडे बघ. पॉइंट मिटले की काटा उणेकडे झुकतो, उघडले की मध्यावर येतो. काटा हललाच नाही तर करंट तिथवर पोचतच नाही.

आणि तुझ्या गाडीत तो न पोचण्याचं एक कारण मला इथूनच दिसतंय. चेसिसला पावडर कोटिंग केलंस ना? देखणं झालंय, पण त्यातून वीज जात नाही. बॅटरीची अर्थिंगची तार जिथे आवळलीस आणि इंजिनचे बोल्ट जिथे बसतात, तिथला रंग उजळ लोखंड दिसेपर्यंत खरवड. जीव तुटेल, तरी खरवड. रिस्टोअर केलेल्या गाडीत मी दोष नेहमी नव्या कामात आधी शोधतो.

टॅपेट इंजिन पूर्ण गार असताना बघ. पुशरॉड बोटांनी फिरला पाहिजे, वर-खाली हलता कामा नये.

एका वेळी एकच गोष्ट बदल, आणि वहीत लिही. रविवारी माझ्या गाडीतला खात्रीचा कंडेन्सर काढून आणतो, तो लावून औंधपर्यंत चक्कर मारू. ताईला सांग, जेवायलाच येतोय.

तुझा,
मामा