तोंड वाकडं, मग डॉक्टर कपाळ का बघतात?

प्रश्न : परवा सकाळी माझ्या जाऊबाई चूळ भरत होत्या, तर पाणी ओठांच्या डाव्या कोपऱ्यातून गळायला लागलं. तोंड उजवीकडे ओढलेलं, डावा डोळा मिटेना. शेजारी म्हणाले, ‘एसटीत खिडकीशी बसल्या होत्या, वारं लागलं, गरम तेलानं चोळा.’ आम्ही न ऐकता दवाखाना गाठला. डॉक्टरांनी आधी भुवया वर करायला सांगितल्या. नंतर सगळं तपासून ‘हा लकवा नाही’ म्हणाले. कपाळावरून त्यांना काय कळलं?
– एक वाचक, बार्शी

उत्तर : पुष्कळ काही. चेहऱ्याच्या प्रत्येक बाजूचे स्नायू हलवणारी एक नस असते. गाल आणि ओठ हलवण्याचा हुकूम तिच्याकडे मुख्यतः मेंदूच्या विरुद्ध अर्ध्या भागाकडून येतो, कपाळासाठी मात्र दोन्ही अर्ध्या भागांकडून. म्हणून मेंदूच्या एका बाजूचा रक्तपुरवठा तुटला, तर ओठ लोंबतो पण कपाळावर आठ्या पडतात. नसच सुजली तर कपाळ, पापणी, गाल, ओठ अशी ती सगळी बाजू लुळी पडते. जाऊबाईंच्या डाव्या कपाळावर आठी उमटली नसणार.

या दुखण्याला बेल्स पाल्सी म्हणतात. चार्ल्स बेल या स्कॉटिश शल्यविशारदानं १८२१ साली चेहऱ्याच्या नसांवर निबंध वाचला होता, त्याचं हे नाव. ही नस कानामागच्या हाडातल्या अरुंद बोगद्यातून जाते. तिथं सूज आली की नस चेमटते. बरेचदा यामागे विषाणू असावा असं मानतात, वाऱ्याचा दोष सिद्ध झालेला नाही. कानामागे ठणका, त्या कानाला आवाज मोठे वाटणं, जिभेची चव जाणं, हेही त्याच नसेमुळे. कानात पुरळ आलं असेल तर ते डॉक्टरांना जरूर दाखवा, त्याचे उपचार थोडे वेगळे असतात.

पण कृपा करून ही कपाळाची परीक्षा घरी घेऊन निश्चिंत होऊ नका. मेंदूच्या देठाशी झटका आला तर कपाळही लुळं पडू शकतं. तोंड अचानक वाकडं झालं की निदान होईपर्यंत तो मेंदूचा झटकाच समजायचा. त्यातून हात किंवा पाय लुळा पडला, बोलणं अडखळलं, दोन-दोन दिसू लागलं, तोल गेला किंवा कधी नव्हे इतकं डोकं दुखलं, तर मिनिटभरही थांबायचं नाही. १०८ ला फोन करा, सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात न्या. गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. म्हणून माणूस शेवटचा धडधाकट कधी दिसला ती वेळ लक्षात ठेवा. पाणी, चहा, काही पाजू नका, ठसका लागून ते फुप्फुसात जातं. ॲस्पिरिनची गोळीही स्वतःहून देऊ नका. गुठळी आहे की रक्तस्राव हे स्कॅनशिवाय कळत नाही, आणि रक्तस्रावात ती गोळी घात करते. दहा मिनिटांत तोंड सरळ झालं तरी त्याच दिवशी दाखवा. तो मोठ्या झटक्याचा इशारा असू शकतो.

तुम्ही लगेच गेलात हे फार चांगलं केलंत. बेल्स पाल्सीत स्टिरॉइडच्या गोळ्या पहिल्या ७२ तासांत सुरू झाल्या तर नस पूर्ण सावरण्याची शक्यता वाढते. तेल चोळण्यात दोन-तीन दिवस घालवले, की नेमके हेच तास हातचे जातात. जाऊबाईंना मधुमेह असेल तर डॉक्टरांच्या कानावर घाला, या गोळ्यांनी साखर वाढते.

आता सगळ्यात जास्त जपायचा तो डोळा. पापणी मिटत नसल्यानं बुबुळ कोरडं पडून जखम होते आणि नजरेवर बेतू शकतं. दिवसा डॉक्टरांनी दिलेले थेंब आणि चष्मा, रात्री मलम घालून पापणी हलकेच चिकटपट्टीनं मिटवायची. डोळा लाल झाला, दुखू लागला किंवा अंधुक दिसू लागलं तर थेट नेत्रतज्ज्ञाकडे जा. बहुतेकांना काही आठवड्यांत फरक पडू लागतो. तीन आठवडे झाले तरी काहीच हालचाल दिसली नाही, तर मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा.