ठेवा तोच, रीत नवी



रविवारची मिस्सा संपली की चर्चच्या आवारात गप्पा रंगतात. त्या गप्पांत दोन वाक्ये वारंवार कानी पडतात. "आमच्या वेळचं चर्च आता राहिलं नाही," हे एक. "चर्चमध्ये सगळंच बदलतं, मग जुनी शिकवण तरी कशाला धरून बसायची?" हे दुसरे. पहिले वाक्य बहुधा आजीआजोबांचे असते, दुसरे त्यांच्याच नातवंडांचे. दोघांच्या मनात एकच समजूत दडलेली असते: चर्चमधील सर्व गोष्टी एकाच तोलाच्या आहेत, एक बदलली की बाकीच्याही बदलणारच. ही समजूत कितपत खरी आहे? आपल्या सर्वांच्या परिचयाचे एक उदाहरण घेऊन आज त्याचा विचार करू या. ते उदाहरण आहे ख्रिस्तशरीर स्वीकारण्यापूर्वीच्या उपवासाचे.

मध्यरात्रीपासून एका तासापर्यंत

एके काळी नियम कडक होता. सकाळी ख्रिस्तशरीर स्वीकारायचे असेल तर मध्यरात्रीनंतर अन्न तर नाहीच, पाण्याचा घोटही घ्यायचा नाही. त्यामुळे मिस्सा सकाळीच होत असे. रात्रपाळी करून येणारे कामगार, दूरवरून चालत येणारे भाविक आणि घरची कामे उरकून येणाऱ्या माता यांना हा नियम पाळणे अवघड जाई. ही अडचण ओळखून १९५३ साली पोप बारावे पायस यांनी पाण्याने उपवास मोडत नाही असे जाहीर केले आणि सायंकाळच्या मिस्सेलाही वाट करून दिली. १९५७ साली त्यांनी अन्नासाठी तीन तासांची मर्यादा ठरवली. १९६४ साली पोप सहावे पॉल यांनी ती एका तासावर आणली. १९८३ च्या चर्चच्या कायद्यातही हाच एक तास कायम आहे. पाणी आणि औषध घेण्यास हरकत नाही. वयोवृद्ध, आजारी आणि त्यांची शुश्रूषा करणारे यांना या नियमातून सवलत आहे.

म्हणजे अवघ्या अकरा वर्षांत एक फार जुनी रीत बदलली. मग श्रद्धा बदलली का?

संत पौलाने करिंथ येथील भाविकांना बजावले होते की, अयोग्य रीतीने ही भाकर खाणारा व हा प्याला पिणारा प्रभूच्या शरीराचा व रक्ताचा अपराधी ठरतो. म्हणून प्रत्येकाने आधी स्वतःची परीक्षा करावी (१ करिंथ ११:२७-२९). इ. स. १५५ च्या सुमारास रक्तसाक्षी संत जस्टिन यांनी रोमन सम्राटाला उद्देशून ख्रिस्ती उपासनेचे वर्णन लिहिले. रविवारी सर्वजण एकत्र जमतात, शास्त्रवाचन होते, प्रमुख उपदेश करतो, सर्वजण प्रार्थना करतात, भाकर व द्राक्षारस आणला जातो, गैरहजर असलेल्यांकडे तो प्रसाद पाठवला जातो आणि अनाथ व विधवांसाठी दान गोळा होते. ही भाकर आम्ही साधी भाकर म्हणून घेत नाही, असेही ते स्पष्ट सांगतात. बंधुभगिनींनो, यात आपल्या आजच्या मिस्सेतले काय नाही? हा आहे ठेवा. गंभीर पाप केले असेल तर आधी पापनिवेदन करावे, मगच वेदीकडे यावे, ही शिकवणही आज तशीच उभी आहे. घड्याळाचे तास कमी झाले, पण त्यामुळे अंतःकरणाची तयारी कमी झालेली नाही.

जुने किती जुने?

ज्याला आपण 'पूर्वापार' म्हणतो ते पुष्कळदा तितके जुने नसते. आपली मुले सातव्या-आठव्या वर्षी प्रथम ख्रिस्तशरीर स्वीकारतात. ही वाट पोप दहावे पायस यांनी १९१० साली मोकळी केली; त्याआधी अनेक ठिकाणी मुलांना दहा-बारा वर्षे, कधी त्याहूनही अधिक थांबावे लागे. लॅटिन भाषेचेही तसेच. रोममधील पहिले ख्रिस्ती लोक ग्रीक भाषेत उपासना करीत. पुढे सामान्य लोकांची बोली लॅटिन झाली म्हणून उपासनेत लॅटिन आली. द्वितीय व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली लोकभाषांना वेदीवर स्थान दिले आणि आपली मराठी तेथे पोहोचली. फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' तर १६१६ सालीच गोव्यात छापले गेले होते. ओवी आपल्या मातीची आणि सांगणे प्रेषितांचे, असा तो मेळ होता.

जे बदलत नाही

मात्र सर्वच काही रीत नसते. चौथ्या शतकात आरियस नावाच्या धर्मगुरूने शिकवले की पुत्र हा देवाने निर्माण केलेला आहे, तो पित्यासमान नाही. ३२५ साली नायसिया येथे भरलेल्या परिषदेने ही शिकवण फेटाळली. तरीही पुढची कित्येक वर्षे सम्राट आणि अनेक बिशप आरियसच्या बाजूला झुकत राहिले. आलेक्झांड्रियाचे बिशप संत अथनासियस मात्र ढळले नाहीत. त्यांना पाच वेळा हद्दपार करण्यात आले. सुमारे सतरा वर्षे त्यांनी परागंदा अवस्थेत काढली. त्यांनी वेगळे चर्च काढले नाही आणि सत्यही सोडले नाही. दर रविवारी मिस्सेत आपण जो विश्वासांगीकार म्हणतो त्याची पायाभरणी त्या परिषदेत झाली. २०२५ साली तिला १७०० वर्षे पूर्ण झाली.

परंपरेच्या प्रेमापोटीही माणूस वाट चुकू शकतो. १९८८ साली आर्चबिशप मार्सेल लफेव्र यांनी जुन्या परंपरेच्या रक्षणासाठी म्हणून पोप महोदयांच्या संमतीविना चार बिशपांना दीक्षा दिली. पेत्राच्या वारसाशी असलेले ऐक्य हादेखील परंपरेचाच गाभा आहे, याचा विसर पडला की असे घडते.

पाचव्या शतकातील लेरिन्सचे संत व्हिन्सेंट यांनी एक सुंदर दाखला दिला आहे. बाळाचा मोठा माणूस होतो, अवयव वाढतात, रूप पालटते, पण माणूस तोच राहतो. श्रद्धेची वाढही अशीच असावी. याच विषयावर १८४५ साली जॉन हेन्री न्यूमन यांनी ग्रंथ लिहिला. त्याच अभ्यासातून ते कॅथलिक चर्चमध्ये आले. २०१९ साली ते संत झाले आणि १ नोव्हेंबर २०२५ रोजी पोप चौदावे लिओ यांनी त्यांना चर्चचे पंडित म्हणून घोषित केले.

बदल कसा पारखावा?

पुढच्या वेळी एखादा बदल खटकला किंवा फार आवडला, तर आपण तीन प्रश्न विचारू या. हा बदल श्रद्धेत आहे की ती व्यक्त करण्याच्या रीतीत? तो चर्चने आपल्या अधिकाराने केला आहे की आपण आपल्या सोयीने? त्यामुळे प्रभूविषयीचा आदर आणि शेजाऱ्यावरील प्रीती वाढते का?

दुसरा प्रश्न आपल्याला अधिक झोंबणारा आहे. चर्चने मध्यरात्रीपासूनचा उपवास एका तासावर आणला; आपल्यापैकी कित्येकांनी तो एक तासही सोडून दिला. चर्चने पापनिवेदन रद्द केले नाही. आपण तिकडे जाणेच थांबवले. साथीच्या काळात नाइलाज म्हणून मोबाइलवर मिस्सा पाहिली. काही घरांत ती सवयच होऊन बसली. आजारी माणसाला तो आधार आहे, पण धडधाकट माणसासाठी ती रविवारच्या मिस्सेची जागा घेऊ शकत नाही. असे बदल कोणत्याही परिषदेने केलेले नाहीत. ठेव्याला खरा धोका आहे तो इथे. मुले आपल्या उपदेशापेक्षा आपले वागणे पाहतात. ख्रिस्तशरीर स्वीकारण्यासाठी आपण रांगेत कसे उभे राहतो, त्यावरून वेदीवर कोण आहे हे त्यांना कळते.

म्हणून आजीआजोबांनी नातवंडांना मध्यरात्रीच्या उपवासाच्या आठवणी जरूर सांगाव्यात. तक्रार म्हणून नव्हे, वारसा म्हणून. आणि नातवंडांनी तो एक तास मनापासून पाळावा.

कुटुंबात व समूहात चर्चेसाठी

१. मिस्सेपूर्वीचा एक तास आपल्या घरी कसा जातो?
२. आपण शेवटचे पापनिवेदन केव्हा केले? अडथळा कोणता?
३. आपल्या घरातील कोणती ख्रिस्ती रीत आपण मुलांच्या हाती सोपवू इच्छितो? तिच्यामागची श्रद्धा त्यांना समजावून सांगितली आहे का?

प्रार्थना: हे प्रभू येशू, काल, आज आणि सदासर्वकाळ तू तोच आहेस. जे तुझे आहे ते घट्ट धरण्याचे बळ आणि जे केवळ आमच्या सवयीचे आहे ते सोडण्याची नम्रता आम्हांला दे. आमेन.