चप्पल उंबऱ्याबाहेर का?

मृग नक्षत्राचा पहिला जोराचा पाऊस पडला, की अमरावती-अकोल्याकडच्या घराघरांतून एक वाक्य हमखास ऐकू येते : "आधी चपला बाहेर काढ!" आजी हे देवघरासाठी म्हणते, आई नुकत्याच पुसलेल्या फरशीसाठी. पण एकाच खोलीत तीन-चार विद्यार्थी राहत असले, किंवा एका वाड्यात चार बिऱ्हाडे असली, की यावरूनच वाद होतो. एकजण म्हणतो, "मी माझ्या खाटेपर्यंतच तर जातो. तुमचे काय बिघडते?"

विद्यार्थिमित्रहो, या प्रश्नाला भौतिकशास्त्राचे उत्तर आहे. ते शोधायला आपल्या पायाखालच्या मातीपासूनच सुरुवात करू.

काळी माती का चिकटते?

सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या पठारावर लाव्हारसाचे थर पसरले. त्यांपासून बेसाल्ट खडक बनला आणि तो झिजून वऱ्हाडची काळी कापसाची जमीन तयार झाली. या जमिनीत चिकणमातीचे कण फार. चिकणमातीचा कण म्हणजे ०.००२ मिलिमीटरहून लहान कण. मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रोमीटर. तेव्हा हे कण दोन मायक्रोमीटरहूनही लहान झाले. आपला केस साधारण ७० मायक्रोमीटर जाड असतो.

काळ्या मातीतल्या स्मेक्टाइट जातीच्या खनिजांची रचना वहीच्या पानांसारखी थरांची असते. थरांमध्ये पाणी शिरते आणि माती फुगते. उन्हाळ्यात हेच पाणी निघून गेल्यामुळे शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात.

आता चिकटण्याकडे वळू. दोन काचपट्ट्यांमध्ये पाण्याचा एक थेंब दाबा. पट्ट्या ओढून सुटत नाहीत, कारण मधल्या पाण्याच्या पातळ थराचा पृष्ठताण त्यांना जवळ ओढून धरतो. मातीचा कण आणि चपलेचा तळ यांमध्येही असेच पाण्याचे अगणित पूल तयार होतात. माती अगदी कोरडी असेल तर पूलच नसतात. पाणी फार झाले तर थर जाड होतो, ओढ कमी होते आणि चिखल वाहू लागतो. या दोन टोकांच्या मध्ये मातीचा तळव्याला चिकटण्याचा जोर मातीला माती धरून ठेवण्याच्या जोराहून अधिक होतो. म्हणूनच पाऊस उघडल्यावर दुसऱ्या दिवशी शेतातून चालताना एकेक चप्पल शेरभर जड होते! पाण्याच्या प्रमाणानुसार मातीची अवस्था कशी बदलते, याच्या सीमा स्वीडनचे शास्त्रज्ञ अल्बर्ट आटेरबेर्ग यांनी १९११ साली मांडल्या. आजही स्थापत्य अभियंते पाया खणण्यापूर्वी त्या तपासतात.

ढेकळाची धूळ

चपलेबरोबर आत आलेले ढेकूळ दिसते, त्यामुळे ते उचलून टाकता येते. खरी अडचण ते वाळल्यावर सुरू होते. त्यावरून पाय जातात, खाट सरकते, बादली घासते आणि ढेकळाचे पीठ होते.

थोडे गणित करू. १ मिलिमीटर बाजूचा मातीचा घन घ्या. त्याचे पृष्ठफळ ६ चौरस मिलिमीटर. त्याचे १० मायक्रोमीटर बाजूचे घन केले तर ते १० लाख होतील आणि त्यांचे एकूण पृष्ठफळ ६०० चौरस मिलिमीटर भरेल, म्हणजे शंभरपट! मातीच्या कणांची घनता दर घन सेंटिमीटरला सुमारे २.६ ग्रॅम असते. त्या हिशेबाने एका ग्रॅम मातीचे असे ३८ कोटींच्या आसपास कण होतील.

धूळ खाली यायला किती वेळ?

हवेत पडणाऱ्या बारीक कणावर गुरुत्वाकर्षण खाली ओढ लावते आणि हवेचा रोध वर. दोन्ही समान झाले की कण एकसारख्या वेगाने पडतो. या रोधाचे सूत्र जॉर्ज गॅब्रिएल स्टोक्स यांनी १८५१ साली दिले. त्यावरून पडण्याचा वेग कणाच्या व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. व्यास दहापट कमी, तर वेग शंभरपट कमी. स्थिर हवेत मातीच्या कणाला १ मीटर खाली यायला लागणारा वेळ असा येतो :

५० मायक्रोमीटर : सुमारे ५ सेकंद
१० मायक्रोमीटर : सुमारे २ मिनिटे
१ मायक्रोमीटर : सुमारे साडेतीन तास

घरातली हवा तर स्थिर नसतेच. पंखा चालू असतो, माणसे ये-जा करतात. पाऊल पडताना तळव्याखालची हवा कडेने झपकन बाहेर फेकली जाते आणि बसलेली धूळ पुन्हा वर उठते. १० मायक्रोमीटरहून लहान कण आपल्या श्वासमार्गात शिरतात. त्यांतले अडीच मायक्रोमीटरहून लहान कण फुप्फुसांत खोलवर पोचतात.

आता खोलीतल्या त्या मित्राला उत्तर देता येईल. तो खाटेपर्यंतच गेला हे खरे, पण त्याने आणलेली धूळ तिथे थांबत नाही.

मातीबरोबर आणखी काय येते?

मातीबरोबर रस्त्यावरचे शेण, थुंकी आणि सांडपाणी यांचे अंशही येतात. शिसेयुक्त पेट्रोल भारतात २००० साली बंद झाले. पण शिसे कुजत नाही, आणि जुन्या वर्दळीच्या रस्त्यांकडेच्या मातीत ते टिकून राहू शकते. लहान मुलांच्या मेंदूला ते घातक असते.

आपल्या कापूसपट्ट्यात याहून जवळचा धोका कीटकनाशकांचा. २०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात पिकांवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. ती विषबाधा प्रत्यक्ष फवारणीची होती, चपलांची नव्हे. पण ही द्रव्ये किती जहाल असतात ते त्यावरून कळते. शेतात ऊन, पाऊस आणि जिवाणू त्यांचे विघटन करतात. घराच्या सावलीत, कोरड्या कोपऱ्यात ती जास्त काळ टिकतात. म्हणून फवारणीच्या वेळचे बूट घरात तर नकोतच, इतरांच्या चपलांच्या ढिगातही नकोत. त्यांची जागा गोठ्याबाहेर किंवा अवजारांच्या खोलीत, मुलांच्या हाताला लागणार नाही अशी हवी.

मात्र यावरून बाहेर अनवाणी फिरावे असा अर्थ कोणी काढू नये. अंकुशकृमीच्या अळ्या दूषित मातीतून तळपायाच्या कातडीवाटे शरीरात शिरतात. कातडीतून शिरण्याची ही वाट आर्थर लूस यांना कैरो येथे १८९८ साली सापडली. थोडक्यात, चप्पल बाहेर हवीच आणि ती बाहेरच राहायला हवी.

पायपुसणे, पाणी आणि पायरी

काथ्याचे पायपुसणे ढेकळे खरवडून काढते, बारीक कण नाही. ओले गोणपाट बारीक कणही धरते. पण ते रोज धुतले नाही, तर वाळून तेच धुळीचे कोठार बनते. उघड्या चपलेत पायही मळतो, म्हणून नुसती चप्पल काढून भागत नाही, पाय धुवायला हवेत. पाण्यात पूर्ण बुडालेल्या कणाभोवती हवा आणि पाणी यांची सीमाच उरत नाही. त्यामुळे पृष्ठताणाचे पूल नाहीसे होतात आणि चिखल सुटतो.

कोरड्या फरशीवर केरसुणी, म्हणजे आपला फडा, फिरवला तर जाड कचरा गोळा होतो आणि बारीक धूळ उडते. आधी पाण्याचा हलका शिडकावा दिला तर कण एकमेकांना धरून राहतात. अंगणातल्या सड्यामागेही हेच तत्त्व आहे. जपानी घरांत दाराशी 'गेनकान' नावाची खोलगट जागा असते. चपला तिथे काढून एक पायरी चढून घरात जायचे. आपल्याकडचा ओटा आणि उंबरठा हेच काम करतात.

घर सामायिक असेल तर

धूळ आणणारा एक असतो आणि ती सोसणारा बहुधा दुसराच. रांगणाऱ्या बाळाचे नाक जमिनीपासून वीतभर उंचीवर असते आणि हात सतत तोंडात. दम्याच्या रोग्याला थोडी धूळही पुरते. सतरंजीवर झोपणारा आणि पाटावर जेवणारा यांनाही ती खाटेवर झोपणाऱ्यापेक्षा जवळची. म्हणून सामायिक घरात चपलेचा नियम ठरवताना सर्वांत कमी उंचीवर वावरणाऱ्याचा विचार आधी करावा.

नियमाला अपवादही हवा. मधुमेहामुळे ज्यांच्या पायांची संवेदना कमी झाली आहे, त्यांनी घरातही अनवाणी चालू नये असे डॉक्टर सांगतात. त्यांच्यासाठी घरात वापरायची चपलांची वेगळी जोडी ठेवावी. ती उंबऱ्याबाहेर जाऊ नये.

चपला काढल्याने घर धूळमुक्त होते असे मात्र नाही. खिडकीतून धूळ येते, चुलीचा आणि उदबत्तीचा धूर असतोच. पण खिडकी हवेसाठी लागते, चूल स्वयंपाकासाठी. चपलेने येणारी माती अडवायला मात्र काहीच खर्च नाही.

करून पाहा

१. काळी माती वाळवून चाळून घ्या. तिचे समान पाच भाग करा आणि प्रत्येकात वाढत्या प्रमाणात पाणी मिसळा. जुनी स्वच्छ चप्पल तोलून प्रत्येक भागावर सारख्याच जोराने दाबा आणि पुन्हा तोला. पाणी आणि चिकटलेली माती यांचा आलेख काढा. तो सर्वांत उंच कोठे जातो?

२. शाळेच्या व्हरांड्यात, वर्गात आणि घरातल्या खोलीत पारदर्शक चिकटपट्टीचा तुकडा फरशीवर दाबून उचला, पांढऱ्या कागदावर लावा आणि भिंगाखाली एका चौरस सेंटिमीटरमधले कण मोजा. आठवडाभर वर्गाबाहेर चपला काढून पुन्हा मोजा. दोन्ही वेळा झाडल्यानंतर सारखाच वेळ गेलेला असू द्या.

विचार करा

१. ५ मायक्रोमीटर व्यासाच्या कणाला १ मीटर खाली यायला किती वेळ लागेल?

२. झाडून झाल्यावर लगेच जेवायला बसावे की थोडे थांबावे? किती वेळ, आणि का?

३. तुमच्या घरी चपला काढण्याची जागा दाराच्या आत आहे की बाहेर? ती कोठे असावी, हे घरातल्या सर्वांना विचारून, कारणांसह लिहा.