प्याला टळला नाही, तरी

प्रश्न : देवासला आमचं मराठी ख्रिस्ती घर आहे. रोज प्रार्थना करतो, तरी मागितलेलं मिळत नाही. कुठे चुकतं?

उत्तर : गेथशेमाने बागेत खुद्द येशूने तीनदा विनवलं, तरी दुःखाचा प्याला टळला नाही. म्हणून ‘मिळालं का’ हे माप मला अपुरं वाटतं. याकोबाचं पत्र नीतिमानाची प्रार्थना प्रबळ मानतं. पण त्याआधी एकमेकांजवळ पापं कबूल करायला सांगतं. ते आपण सोयीने गाळतो! पंडिता रमाबाईंनी १९०५ मध्ये केडगावला मुलींना रोज प्रार्थनेला बसवलं खरं. पण त्याआधी, १८९६-९७ च्या दुष्काळात, मध्य प्रांतात जाऊन त्यांनी निराधार मुलींना आणलं होतं. तेव्हा तुमचाही कुणा भावाशी अबोला असेल, तर आधी त्याला भेटून या.